बोलके प्राणी आणि निवांत रात्री: 'शिरोकुमा कॅफे' सोडावं की बघावं, आणि त्यानंतर काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. कामावरून दमून आल्यावर झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास तुम्हाला हलकंफुलकं काहीतरी बघायचं असतं. माणसांच्या जगात बोलणारे प्राणी सहज वावरतायत, असं निवांत विनोदी ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) हवंय. कुठल्यातरी यादीवरून आधी 'बीस्टार्स' आणि मग 'ऑड टॅक्सी' लावलं, तर होती ती झोपही उडाली. मग 'शिरोकुमा कॅफे' लावलं, तर तीन भागांत काहीच घडलं नाही आणि विनोदही फारसे कळले नाहीत. आता पुढे बघावं की सोडावं, आणि सोडलं तर दुसरं काय लावावं? शिवाय कधीकधी आठ वर्षांची मुलगी आणि इंग्रजी सबटायटल्स न वाचणारी आई सोबत बसतात.

माझं उत्तर: सोडू नका, बघायची पद्धत बदला. जपानी शिकवणं आणि सबटायटल्स करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे या मालिकेपाशी लोक नेमके कुठे अडतात ते मला चांगलं ठाऊक आहे. जवळजवळ सगळे तुमच्यासारखेच दुसऱ्या-तिसऱ्या भागात अडतात.

आधी निवडीचं बोलू. 'बोलणारे प्राणी' हा शोधायचा शब्दच तुम्हाला भलत्या गल्लीत नेतो. 'बीस्टार्स' (२०१९) सुरू होतं तेच शाळेतल्या एका अल्पाकाच्या खुनाने, आणि पुढचा सगळा ताण मांसाहारी आणि शाकाहारी प्राण्यांमधल्या भीतीवर उभा आहे. 'ऑड टॅक्सी'मध्ये (२०२१) ओदोकावा नावाचा वॉलरस टॅक्सी चालवतो आणि १३ भागांची गोष्ट एका बेपत्ता शाळकरी मुलीभोवती आवळत जाते. दोन्ही कामं उत्तम आहेत, सुट्टीच्या दिवशी दुपारी जरूर बघा. 'ॲग्रेत्सुको'ही (२०१८) याच यादीत सापडतं. त्यातली रेड पांडा ऑफिसात दिवसभर अपमान गिळते आणि रात्री कराओकेत डेथ मेटल गाऊन तो बाहेर काढते. विनोदी आहे, पण तुम्ही ऑफिसातूनच येताय. पुन्हा ऑफिसातच कशाला जायचं?

या तिन्ही ठिकाणी पडद्यावर दिसणारे सगळेच प्राणी आहेत आणि ते माणसांच्या स्वभावांची, भीतीची, हिंसेची सोंगं घेऊन उभे आहेत. तुम्हाला हवाय तो प्रकार वेगळा: माणूस माणूसच, अस्वल अस्वलच, आणि दोघं एका गल्लीत राहतात. जपानीत मन निववणाऱ्या अशा कामांना 'इयाशिकेई' म्हणतात. शोधताना प्राण्यांच्या जोडीला हा शब्द टाकलात की निम्मा कचरा आपोआप गळतो.

उरलेला निम्मा पहिल्या दहा मिनिटांत ओळखता येतो. सर्वांत आधी बघायचं की माणसं त्या प्राण्याकडे कशी बघतात. 'शिरोकुमा कॅफे'त सासाको नावाची मुलगी कामाला लागते. तिचा मालक हे एक ध्रुवीय अस्वल आहे, आणि याबद्दल ना तिला काही वाटतं ना गिऱ्हाइकांना. जिथे कोणालाच नवल वाटत नाही तिथे लपवाछपवी नसते, गुपित फुटण्याची धास्ती नसते, आणि दमलेल्या डोक्याला त्रास देणारी निम्मी कारणं तिथेच संपतात. उलट 'हा बोलतो हे कोणाला कळता कामा नये' अशी अट गोष्टीत असेल, तर प्रत्येक भागात कोणीतरी दार ठोठावणार आणि कोणीतरी घाईघाईने पडद्यामागे लपणार. त्यातही मजा असते, पण ती निवांत नसते.

मग बघायचं, भाग संपताना कोणाचं काय पणाला लागलेलं असतं. निवांत मालिकेत भांडण झालं तरी ते त्याच भागात मिटतं, निदान पुढच्या भागापर्यंत लोंबकळत राहत नाही. तिसरी खूण कानाला कळते: विनोद झाल्यावर क्षणभर शांतता ठेवलीय का? जपानी विनोदात या मोकळ्या जागेला 'मा' म्हणतात. पात्राने काहीतरी अचाट बोलावं, समोरच्याने क्षणभर नुसतं बघावं, आणि मग उत्तर द्यावं. दर दोन सेकंदांनी किंचाळी, धडाम आवाज आणि पडदाभर अक्षरं असतील, तर प्राणी कितीही गोड असले तरी ती मालिका झोपण्याआधीची नव्हे.

आता 'काहीच घडलं नाही' या तक्रारीकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे. बोलणारा प्राणी म्हटला की आपल्याला पंचतंत्र आठवतं, इसापनीती आठवते. लहान मुलांच्या चिऊ-काऊच्या गोष्टीतही पाऊस येतो, काऊचं शेणाचं घर वाहून जातं आणि चिऊचं मेणाचं घर टिकतं. प्राणी बोलला म्हणजे तो काहीतरी शिकवणार, फसवणार किंवा फसणार, ही सवय आपल्या कानाला इतकी मुरलीय की 'शिरोकुमा कॅफे'तला पांडा बांबू खाऊन लोळतो तेव्हा आपण नकळत तात्पर्याची वाट बघतो. ते येत नाही. आळशी पांडाला शिक्षा होत नाही, तो सुधारतही नाही. शेवटच्या भागातही तो तितकाच आळशी असतो आणि सगळ्यांचा तितकाच लाडका असतो. या मालिकेतला दिलासा नेमका याच गोष्टीत आहे, आणि तो एकदा मनाने स्वीकारला की पुढचे भाग फार वेगळे वाटतात.

मालिकेची घडण जरा नीट सांगतो. आलोहा हिगा यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) स्टुडिओ पिएरोने ही केली. 'नारुतो' आणि 'ब्लीच' करणारा हाच स्टुडिओ. एप्रिल २०१२ ते मार्च २०१३ असं वर्षभर दर आठवड्याला एक, असे ५० भाग झाले. दिग्दर्शन मित्सुयुकी मासुहारा यांचं. बहुतेक भागांत दोन स्वतंत्र गोष्टी असतात, म्हणजे एक गोष्ट साधारण दहा-अकरा मिनिटांची. तुमच्यासाठी ही फार सोयीची बाब आहे, तिच्याकडे पुन्हा येतो.

मध्यभागी तिघं आहेत. कॅफेचा मालक शिरोकुमा, म्हणजे ध्रुवीय अस्वल. शांत, हात सढळ, आणि कोट्या करायची अनावर खोड. पेंग्विन हा रोजचा गिऱ्हाईक. चिडका, हळवा, प्रेमात कायम गोंधळलेला. आणि पांडा, जो घरी लोळत पडलेला असताना आईच्या तगाद्याने नोकरी शोधायला निघतो आणि शेवटी प्राणिसंग्रहालयात अर्धवेळ 'पांडा' म्हणून लागतो. म्हणजे ठरलेल्या दिवशी कामावर जायचं, लोकांसमोर बांबू खायचा, झोपायचं आणि घरी यायचं. तिथे त्याच्याबरोबर एक पूर्णवेळ पांडा आहे, संसारी आणि जबाबदार. प्राणिसंग्रहालय ही पिंजऱ्यांची जागा नसून कामाची जागा आहे, ही एकच कल्पना मालिका वर्षभर न थकता वापरते. कोणाची पाळी कधी, कोणाकडे गर्दी जास्त, लामाकडे कोणी ढुंकून का बघत नाही, हांदा नावाच्या कर्मचाऱ्याला पांडा तोंडावर काय काय सुनावतो, यातून विनोद निघत राहतो.

चित्रणाकडेही लक्ष द्या. हे प्राणी खेळण्यांसारखे मोठ्या डोळ्यांचे काढलेले नाहीत. अस्वलाची मान, खांदे, पोटाचा भार खऱ्या अस्वलासारखा आहे. फक्त ते दोन पायांवर उभं राहून कॉफी करतं. आवाजही तसेच. शिरोकुमाला ताकाहिरो साकुराई, पेंग्विनला हिरोशी कामिया, पांडाला जुन फुकुयामा. एरवी नायकांच्या भूमिका करणारे हे कसलेले कलाकार इथे रोजच्या बोलण्याच्या सुरात बोलतात. कार्टूनी चिरका आवाज जवळजवळ नाहीच, म्हणून रात्री कानाला त्रास होत नाही.

आता विनोद का कळत नाहीत ते. शिरोकुमाचा विनोद हा आपल्याकडच्या शाब्दिक कोटीचाच प्रकार आहे, 'दाजारे'. मालिकेबाहेरचं, जपानी मुलांना पाठ असलेलं उदाहरण घ्या: 'फुतोन गा फुत्तोंदा', म्हणजे 'गादी उडून गेली'. अर्थाला काही दम नाही, सगळी गंमत 'फुतोन' आणि 'फुत्तोंदा'च्या उच्चारात. शिरोकुमा हेच साखळीने करतो. पेंग्विन एक शब्द उच्चारतो. शिरोकुमा त्याच्याशी मिळताजुळता दुसरा शब्द फेकतो, आणि नुसता फेकत नाही, तर ती वस्तू हातात घेऊन किंवा तो वेश चढवून समोर उभा राहतो. पेंग्विन ओरडतो, 'चिगाउ!', म्हणजे 'ते नव्हे!'. अस्वल लगेच तिसरा शब्द आणि तिसरी वस्तू घेऊन येतं. मंचावर जोडीने सादर होणाऱ्या जपानी मांझाईतली ही ठरलेली जोडगोळी आहे: एक वेंधळं बोलणारा, दुसरा त्याला झापणारा. पांडा मधूनच एखादं निरागस वाक्य टाकतो आणि झापणाऱ्याचं काम दुप्पट होतं.

सबटायटल्स करणाऱ्याची इथे कोंडी होते. शब्दशः अर्थ दिला तर कोटी मरते. इंग्रजीतली दुसरी कोटी घातली तर ती पडद्यावरच्या वस्तूशी जुळत नाही. वर टीप दिली तर वाचेपर्यंत पुढचा शब्द येतो. त्यामुळे सबटायटल्स कितीही मन लावून केली तरी या जागा सपाट लागतात, आणि प्रेक्षकाला वाटतं आपल्यालाच कळत नाहीये.

यावर उपाय म्हणजे डोळ्यांचा क्रम बदला. शिरोकुमाची साखळी सुरू झाली की आधी त्याच्या हातातली वस्तू बघा, मग पेंग्विनचा चेहरा, आणि वेळ उरला तरच खालची ओळ. जो शब्द अस्वल बोलतंय तीच वस्तू त्याच्या हातात आहे, त्यामुळे उच्चार कानावर आणि अर्थ डोळ्यांसमोर असं दोन्ही एकाच वेळी मिळतं. चार-पाच भागांत कान आपोआप तयार होतो. मी विद्यार्थ्यांना ही मालिका ऐकण्याच्या सरावाला याच कारणासाठी देतो: सुटे शब्द, स्पष्ट उच्चार, आणि समोर चित्र. मागे लागणारे प्रत्ययही ऐकत राहा. पांडाला सगळे 'पांडा-कुन' म्हणतात, पेंग्विनला 'पेंग्विन-सान'. कोण लाडाचं आणि कोणाचा मान ठेवायचा हे तेवढ्यावरून कळतं, आणि आपण 'अरे', 'अहो' वापरत असल्याने मराठी कानाला ते लगेच पकडता येतं.

बघताना आणखी काही गोष्टी बिघडतात. सर्वांत मोठी म्हणजे सलग बघणं. ही मालिका आठवड्याला एक भाग या हिशेबाने बनलीय. प्रसारणाच्या दिनदर्शिकेबरोबर तिच्यात साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर येतो, उन्हाळा येतो, हिवाळा आणि नवं वर्ष येतं. एका बैठकीत पाच भाग लावलेत तर तोच विनोद पाचदा आल्यासारखा वाटतो आणि चिडचिड होते. रात्री एक भाग पुरे. फारच दमला असाल तर अर्धाच बघा, मधल्या खंडापाशी थांबा आणि दुसरी गोष्ट उद्यावर ठेवा. पहिली पूर्ण झालेली असते, काहीच अडत नाही.

वेग सव्वापट किंवा दीडपट करू नका. गोष्टीप्रधान मालिकेत एक वेळ चालतं. इथे वर सांगितलेली 'मा' आधी मरते आणि उरतो नुसता पोरकट संवाद. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, कारण भागाच्या शेवटी जी शांतता मिळायला हवी ती पाच सेकंदांच्या उलट्या मोजणीने जाते. शेवटचं गाणं मात्र कापू नका. समारोपाची गाणी बदलत राहतात आणि दर वेळी मालिकेतलं वेगळं पात्र गातं. झोपायच्या आधीचा तो मिनिट-दीड मिनिट फार छान जातो. सुरुवातीचं गाणं संवादांपेक्षा मोठ्याने वाजतं असं वाटलं तर आवाज संवादांवर बेतून ठरवा, गाण्यावर नको. आणि फोन हातात नको. शिरोकुमाचा विनोद निम्मा डोळ्यांनी कळायचा असतो. मान खाली गेली की तो हुकतोच.

कुठपर्यंत चिकाटी धरायची? सहा-सात भाग. तोवर कॅफेतली नेहमीची मंडळी ओळखीची होतात: संथ स्लॉथ, वयोवृद्ध कासव, लोकप्रियतेसाठी आसुसलेला लामा, चामड्याचं जाकीट घालून बार चालवणारा शिरोकुमाचा बालमित्र ग्रिझली. पुढे पेंग्विन गाडी चालवायला शिकतो ते भाग आहेत, आणि पेंको नावाच्या ज्या पेंग्विनीवर त्याचा जीव जडलाय तिच्या हुबेहूब दिसणाऱ्या बहिणींचा घोळ आहे. तो घोळ मला मालिकेतला सर्वांत सुरेख रचलेला विनोद वाटतो, कारण त्याची तयारी आधीच्या भागांत चुपचाप करून ठेवलेली असते. तिथे पोहोचूनही हसू आलं नाही, तर मात्र ही मालिका तुमची नव्हे असं समजा आणि बिनदिक्कत सोडा.

यानंतर काय लावावं, हे तुम्हाला यातलं काय भावतं त्यावर अवलंबून आहे. गल्ली, दुकानं आणि ओळखीची माणसं भावत असतील तर 'तामाको मार्केट' (२०१३, १२ भाग). क्योतो ॲनिमेशनचं काम, दिग्दर्शक नाओको यामादा. एका बाजारपेठेतल्या मोचीच्या (तांदळाच्या जपानी मिठाईच्या) दुकानात तामाको नावाची मुलगी राहते आणि देरा नावाचा बोलणारा, गर्विष्ठ पक्षी परदेशातून राजपुत्रासाठी वधू शोधायला येऊन तिथेच अडकतो, मोची खाऊन गलेलठ्ठ होतो. बाजारातली चित्रं क्योतोतल्या देमाची मासुगाता या खऱ्या बाजारावर बेतलेली आहेत. देराची बडबड काहींना डोक्यात जाते. पहिल्या भागात तो असह्य वाटला तरी दुसरा बघा, कारण तिथून भर शेजाऱ्यापाजाऱ्यांवर जातो. याच्या पुढचा २०१४ चा चित्रपट मात्र सरळ प्रेमकथा आहे, पक्षी त्यात जवळजवळ नाही, त्यामुळे तो वेगळा धरा.

गावाकडची शांतता हवी असेल तर 'फ्लाइंग विच' (२०१६, १२ भाग). आओमोरी प्रांतातलं हिरोसाकी, नातेवाइकांकडे राहायला आलेली १५ वर्षांची चेटकीण आणि तिचं काळं मांजर चितो. मांजराची भाषा चेटकिणींनाच कळते, बाकीच्यांना नुसतं म्याव. विनोद अगदी सौम्य आहे, आणि रानभाज्या, शेत, सफरचंदं यांना मालिका भरपूर वेळ देते. झोपण्याआधी बघायला याहून चांगलं मला माहीत नाही. 'हाकुमेई आणि मिकोची' (२०१८, १२ भाग) हेही त्याच जातीचं: जंगलात राहणाऱ्या ९ सेंटीमीटर उंचीच्या दोन मुली आणि त्यांच्याबरोबर कामधंदा करणारे बोलके प्राणी. त्यात सुतारकाम, शिवणकाम, स्वयंपाक इतक्या तपशिलाने दाखवलाय की हातकामाची आवड असणाऱ्याने चुकवू नये.

खळखळून हसायचंय असं वाटेल त्या दिवशी 'निचिजो' (२०११, २६ भाग). त्यात साकामोतो नावाचं काळं मांजर आहे, गळ्यातल्या लाल रुमालामुळे बोलू लागलेलं. आपल्याला मोठ्यांसारखा मान मिळावा यासाठी ते धडपडतं आणि आठ वर्षांची हाकासे त्याला जुमानत नाही. पण हे मांजर सुरुवातीलाच भेटत नाही, आणि मालिकेचा बाकीचा भाग आरडाओरड्याचा आहे. म्हणून ते शनिवारी दिवसा लावा, झोपायच्या वेळी नको.

प्राण्याच्या मनातलं फक्त आपल्याला ऐकू येतं आणि घरच्यांना नाही, असाही एक पोटप्रकार आहे. त्यातलं 'माय रूममेट इज अ कॅट' (२०१९, १२ भाग) सुंदर आहे: बहुतेक भागांत आधी एकलकोंड्या लेखकाच्या बाजूने आणि मग तोच प्रसंग हारु मांजरीच्या बाजूने. एक सांगून ठेवतो. लेखकाचे आईवडील अपघातात गेलेले आहेत, आणि हारुच्या भटक्या बालपणात तिची भावंडं दगावतात. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, किंवा पाळलेलं जनावर गेलं असेल, तर आत्ता लावू नका.

दोन नावं यादीत हमखास भेटतील, त्यांच्याबद्दल सावध करतो. 'आफ्रिका सॅलरीमॅन'मध्ये (२०१९) सिंह, टुकान पक्षी आणि सरडा माणसांबरोबर ऑफिसात काम करतात. कल्पना तुम्हाला हवी तीच, पण विनोद बोचरा आणि बऱ्याचदा चावट. 'कुमामिको'मध्ये (२०१६) उत्तर जपानमधल्या तोहोकूच्या डोंगरातली शाळकरी मिको, म्हणजे देवळातली सेविका, आणि तिच्यासोबत वाढलेलं बोलणारं अस्वल नात्सु. सुरुवातीचे भाग गोड आहेत, पण मुलीच्या लोकांना बुजण्यावर विनोद जसजसा वाढत जातो तसतसा तो सोसवेनासा होतो, आणि शेवटच्या भागावर जपानमध्येही प्रेक्षक नाराज झाले होते. गावच्या दंतकथेवरून केलेले विनोद मुलांसमोर लावण्यासारखे नाहीत.

कुठली मालिका कुठे बघायला मिळते हे देशाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतं, म्हणून मी मंचांची नावं देत नाही. वर्गणी भरण्याआधी ती मालिका तुमच्या देशात खरंच दिसते का आणि कुठल्या भाषेच्या सबटायटल्ससह, एवढं तपासा.

तुमच्या घरच्या वेळापत्रकात हे असं बसवता येईल: सोमवार ते गुरुवार 'शिरोकुमा कॅफे'चा एकेक भाग किंवा अर्धा भाग, चौथ्या भागापासून पुढे. शुक्रवारी 'फ्लाइंग विच'चा एक. शनिवारी दिवसा मुलीसोबत 'निचिजो'. आठ वर्षांच्या मुलीला 'शिरोकुमा कॅफे'तल्या कोट्या कळणार नाहीत, पण बांबू खाणारा पांडा आणि चिडणारा पेंग्विन पुरेसे असतात. आपल्या मुलांना हिंदीत डब झालेला 'डोरेमॉन' पाहून पाहून घरात राहणारं बोलकं मांजर परकं राहिलेलंच नाही.

आईंसाठी मात्र 'शिरोकुमा कॅफे' नको, सबटायटल्स वाचल्याशिवाय तो अर्धाच पोहोचतो. त्यांच्यासोबत 'चीज स्वीट होम' लावा: २००८ ची मालिका, मॅडहाउस स्टुडिओची, जेमतेम तीन-तीन मिनिटांचे १०४ भाग. यामादा कुटुंबाला सापडलेलं मांजरीचं पिल्लू, म्हणजे बोबडं बोलणारी ची, आणि पाळीव प्राण्यांना बंदी असलेली इमारत. काय चाललंय ते चित्रावरूनच कळतं. एखादी ओळ मुलीने मराठीत सांगितली तरी पुरते. पहिल्या भागात पिल्लू आईपासून हरवतं, तिथे मुलगी रडवेली होईल, म्हणून तो एकटाच लावून थांबू नका. पुढचे तीन-चार लगेच जोडून दाखवा. सगळं मिळून पंधरा मिनिटं होतील, तोवर ची यामादांच्या घरात रुळू लागलेली असते.

शब्दांवर फारसं अवलंबून नसलेलं आणखी काही हवं असेल तर 'रिलाक्कुमा अँड काओरु' (२०१९). बाहुल्यांची स्टॉप-मोशन, साधारण अकरा मिनिटांचे १३ भाग. तपकिरी अस्वल रिलाक्कुमा शब्दांत बोलतच नाही. काओरु ही ऑफिसात काम करणारी एकटी बाई आहे, आणि तिचा एकटेपणा काही भागांत बराच दाटतो. आईंना तो भावेल, मुलीला कंटाळा येईल. दोघी एकत्र असतील तर ची, आणि आई एकट्याच जाग्या असतील तर काओरु.